ध्येयनिश्चिती, ज्येष्ठांच्या गृहसेवेतील

घरपोच मिळणाऱ्या मदतीतून वृद्धाला काय साधायचे आहे, हे त्याच्याशीच बोलून ठरवण्याची आणि ठरावीक काळाने पडताळून पाहण्याची रीत. ‘आईला बरे वाटावे’ ही मुलाची इच्छा झाली. ध्येयात कोणते काम, कोणाच्या आधाराने आणि कधीपर्यंत, एवढे तरी यावे लागते.

१९६८ मध्ये टॉमस किरेसुक आणि रॉबर्ट शेरमन यांनी अमेरिकेत मानसिक आरोग्यसेवेसाठी पाच पायऱ्यांची मोजपट्टी मांडली; पुढे ती वृद्धसेवेतही आली. अपेक्षेइतके साधले तर ०, जास्त साधले तर +१ किंवा +२, कमी पडले तर −१ किंवा −२. पट्टी एकच, तिच्यावरचा मजकूर मात्र माणसागणिक वेगळा.

गडचिरोलीत या विषयाची वाट लकव्यातून जाते. ‘सर्च’ संस्थेने जिल्ह्यातील ८६ गावांत २०११ ते २०१३ या काळातील मृत्यूंची कारणे तपासली, तेव्हा सातांपैकी एक मृत्यू लकव्याने झाल्याचे आढळले. त्यातून वाचलेल्यांची पुढची वर्षे बाजेवर आणि घरच्यांच्या हातांवर जातात.

चामोर्शी तालुक्यात वैनगंगेकाठी वसलेल्या मार्कंड्याचेच उदाहरण कल्पू. उजवे अंग लुळे पडलेल्या आजीच्या मुलाला रक्तदाब आटोक्यात हवा. आजीला महाशिवरात्रीच्या जत्रेत मार्कंडेश्वराचे दर्शन हवे. दोन्ही मागण्या रास्त, पण व्यायामाला उठवणारी मागणी दुसरी. आज ती बाजेवरच आहे, ही −२. भिंत धरून सांदवाडीपर्यंत गेली तर −१. काठीने रस्त्यापर्यंत पोचली तर ०, सुनेचा हात धरून देवळाच्या आवारात गेली तर +१, नदीच्या पाण्याला पाय लावून आली तर +२.

राष्ट्रीय वृद्ध आरोग्यसेवा कार्यक्रमात (२०१०-११ पासून) अंथरुणाला खिळलेल्यांना घरी भेट देणे आणि घरच्यांना शुश्रूषा शिकवणे अभिप्रेत आहे. नवजात बाळाच्या घरी आशाताई ३, ७, १४ अशा नेमल्या दिवशी जाते. सगळ्या बाळांना तेच दिवस चालतात. म्हाताऱ्यांचे तसे जमत नाही. धानाच्या रोवणीत घरातली सगळी बांधीवर असतात, आजीला हात द्यायला कोणी उरत नाही. म्हणून या भागात पडताळणी रोवणीच्या ऐन दिवसांत न ठेवता पोळ्यानंतर ठेवावी.