घाई घोड्याची की स्वाराची?

बेफाम उधळलेल्या घोड्याच्या गोष्टी आपण पुष्कळ ऐकलेल्या असतात. आज मी सांगणार आहे ती त्याहून साध्या अडचणीची. घोडा उधळत नाही, स्वाराला पाडत नाही. फक्त सावकाश चाल म्हटले तरी तो घाईघाईने पुढे पुढे सरकतो. स्वार लगाम खेचतो, तसा घोडा आणखी घाई करतो.

मला ही अडचण भेटली ती कॉलेजात, एनसीसीच्या घोडदळ पथकात. माझ्या वाट्याला एक तांबडी घोडी आली होती. सकाळी आम्ही एकामागे एक रांगेने निघत असू. ती सारखी पुढच्या घोड्याच्या शेपटीला जाऊन भिडायची. मी दोन्ही हातांनी लगाम ओढून धरायचो. मनगटे भरून यायची, पण तिची चाल काही उतरायची नाही. एके दिवशी पुढच्या घोड्याने लाथ झाडली आणि ती माझ्या घोडीच्या पुढच्या पायावर बसली. महिनाभर ती पागेत लंगडत उभी होती. आमचे उस्ताद लष्करातून निवृत्त झालेले रिसालदार होते. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, ‘‘पोरा, तू तिला धरलं होतंस की तिनं तुला?’’

या प्रश्नाचा अर्थ मला पुढे फार वर्षांनी एका ग्रीक माणसाने सांगितला. त्याचे नाव झेनोफन. हा अथेन्सचा, सॉक्रेटिसच्या सहवासात वाढलेला आणि पेशाने सैनिक. इ. स. पूर्व 401 मध्ये धाकट्या सायरसबरोबर तो इराणच्या सम्राटावरील मोहिमेत गेला. सायरस मारला गेल्यावर परमुलखात अडकलेल्या हजारो ग्रीक सैनिकांना परत आणण्यात त्याचा मोठा वाटा होता. आयुष्याच्या उत्तरार्धात त्याने अश्वारोहणावर एक छोटा ग्रंथ लिहिला. त्याच्या काळी ग्रीकांकडे आजच्यासारखे खोगीर नव्हते आणि रिकीबही नव्हती. पाठीवर फार तर एखादे कापड, आणि सारी भिस्त मांडीवर.

या ग्रंथात तापट घोड्यावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. झेनोफन म्हणतो, माणसात जसा राग, तसा घोड्यात हा ताप. रागीट माणसाला आपण कठोर बोललो नाही, डिवचले नाही, तर तो सहसा भडकत नाही. घोड्याचेही तसेच. म्हणून त्याच्यावर बसतानाच त्याला त्रास होणार नाही असे बसावे. बसल्यावर नेहमीपेक्षा जास्त वेळ उभे राहू द्यावे. मग अगदी हलक्या इशाऱ्याने चालवावे आणि वेग वाढवायचा तो त्याच्या लक्षातही येणार नाही इतका हळूहळू. तो घाई करू लागला तर हिसका देऊ नये. लगाम हळुवार घ्यावा. काटेरी कडीपेक्षा गुळगुळीत कडी बरी, आणि काटेरी वापरावीच लागली तर हाताच्या हलकेपणाने ती गुळगुळीत करावी.

आपल्यापैकी अनेकांना वाटते की अशा घोड्याला एकदा पळवून पळवून दमवला की तो निवळतो. झेनोफन नेमके याच समजुतीपासून सावध करतो. चिडलेला घोडा दौडीत जोर करून हात सोडवू पाहतो आणि रागाच्या भरात स्वतःचे व स्वाराचे कायमचे नुकसान करून बसतो. त्याला शांत करते ती लांबवर, संथपणे केलेली रपेट.

ही शहाणीव पुढे सरळ चालत आली असे मात्र नाही. 1550 मध्ये नेपल्सच्या फेदेरिको ग्रिसोने याचा अश्वविद्येवरील ग्रंथ निघाला आणि तो युरोपभर वाचला गेला. त्यात अडेल घोड्यांसाठी सांगितलेल्या शिक्षा आज वाचवत नाहीत. पुढच्या शतकात फ्रान्सच्या तेराव्या लुईचा अश्वशिक्षक प्लुव्हिनेल याने पुन्हा सौम्य हाताचा आग्रह धरला. आणि 1733 मध्ये पॅरिसला छापलेल्या आपल्या मोठ्या ग्रंथात ला गेरिनिएर या फ्रेंच शिक्षकाने ‘अर्धा थांबा’ ही युक्ती मांडली. घोड्याला थांबवायचे नाही. थांबवल्यासारखे क्षणभर करायचे आणि लगेच हात मोकळा सोडायचा. आजही जगभरच्या अश्वशाळांत ही युक्ती शिकवतात.

यात महत्त्वाचे आहे ते सोडणे. घोड्याचे वजन चारशे-पाचशे किलो. ताकदीच्या खेचाखेचीत माणूस जिंकत नाही. सतत ताणलेला लगाम म्हणजे घोड्याला रेलायला मिळालेला आधार. शिवाय सावकाश चालताना चारही पाय एकामागून एक पडतात आणि मान पावलागणिक खालीवर होते. ती मान करकचून धरली की पावले आखूड पडतात, घोडा तटतटतो आणि दुडक्या चालीवर येतो. ढील मिळते त्या क्षणी त्याला कळते, की आपण केले ते बरोबर होते. जो धरून ठेवतो तो त्याला काहीच शिकवत नाही. आणि खोगीर रुतत असेल, दाणा जास्त आणि व्यायाम कमी असेल, तर मुळात लगामाचा दोषच नाही.

महिन्याने घोडी बरी झाली. उस्तादांनी मला रांगेत सर्वांत मागे ठेवले, पुढच्या घोड्यापासून भरपूर अंतर राखून. म्हणाले, ‘‘श्वास सोड, कंबर सैल कर, तुझं हलणं आधी सावकाश होऊ दे. बोटं मीट आणि उघड.’’ मी बोटे मिटली, आणि भीत भीत उघडली. पहिल्या दिवशी काही झाले नाही. दुसऱ्याही दिवशी नाही. चौथ्या की पाचव्या सकाळी तिने मान खाली सोडली, नाकातून लांब फुरफुर केली आणि चालू लागली. अगदी सावकाश.

उस्तादांनी झेनोफनचे नावही ऐकले नसावे. त्यांना जे ठाऊक होते ते त्यांना घोड्यांनी शिकवले होते. मला मात्र ते शिकण्यासाठी एका मुक्या जनावराला महिनाभर लंगडावे लागले, हे मी अजून विसरलेलो नाही.