चांदीचा डोंगर आणि बिननावाच्या कबरी

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात रॉकी पर्वताच्या ऐन माथ्यावर ‘लेक कौंटी’ नावाचा एक छोटा जिल्हा आहे. रॉकी पर्वतराजीतील सर्वांत उंच शिखर, माउंट एल्बर्ट, याच जिल्ह्यात आहे. त्याची उंची १४,४०० फुटांहून अधिक आहे. जिल्ह्याचे मुख्य गाव लेडव्हिल. ते समुद्रसपाटीपासून दहा हजार फुटांवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर वसलेले आहे. आज तेथे जेमतेम अडीच-तीन हजारांची वस्ती आहे. १८८० च्या जनगणनेत मात्र तिथे १४,८२० माणसांची नोंद झाली होती. ही माणसे कोठून आली, कशासाठी आली आणि कोठे गेली, हा प्रश्न आपल्यालाही जवळचा आहे. कारण त्या गावाच्या सुखदुःखाचा एक धागा आपल्या मुंबईच्या टांकसाळीपर्यंत येऊन पोहोचतो, तर दुसरा एका धर्मग्रामाच्या नोंदवहीपर्यंत.

हे डोंगर मूळचे यूट नावाच्या आदिवासींचे. १८६० च्या एप्रिल महिन्यात येथील एका घळीत सोने सापडले आणि पाहता पाहता हजारो माणसे तेथे लोटली. १८६१ मध्ये कोलोरॅडो प्रदेशाची रचना झाली, तेव्हा पहिल्या सतरा जिल्ह्यांत लेक कौंटीचा समावेश होता. सोने थोड्याच वर्षांत आटले. ज्यांच्या भूमीतून ते निघाले, त्या यूट लोकांपैकी बहुतेकांना १८८१ मध्ये पश्चिमेकडील यूटा प्रदेशात हलवण्यात आले. वाळू धुऊन सोने काढणाऱ्यांना त्या काळी एका जड, काळ्या रेतीचा फार उपद्रव होत असे. लाकडी पन्हळीत ती साचून राही आणि लोक वैतागून ती उपसून फेकून देत. पुढे १८७० नंतरच्या दशकात कोणीतरी ती रेती तपासून पाहिली, तेव्हा ते शिसे असून त्यात भरपूर चांदी असल्याचे आढळले. लोकांनी वर्षानुवर्षे फेकून दिलेले ते धनच होते! १८७७ मध्ये नवे गाव वसले आणि शिशावरूनच त्याचे नाव लेडव्हिल पडले.

या चांदीने काहींना एका रात्रीत कुबेर केले. होरेस टेबर हा गावातील दुकानदार. १८७८ साली त्याने दोन गरीब खाणशोधकांना थोडासा शिधा उधार दिला आणि बदल्यात त्यांना जे मिळेल त्यातील तिसरा हिस्सा मागून घेतला. त्या दोघांना ‘लिटल पिट्सबर्ग’ ही समृद्ध खाण सापडली. वर्षभरात टेबर लक्षाधीश झाला, गावाचा पहिला महापौर झाला आणि १८७९ मध्ये त्याने भर पहाडात एक भव्य नाट्यगृह उभे केले. १८८२ साली प्रसिद्ध लेखक ऑस्कर वाइल्ड याचे व्याख्यान तेथे झाले. ते नाट्यगृह आजही उभे आहे आणि प्रवासी ते आवर्जून पाहतात.

परंतु चांदी डोंगरातून आपोआप बाहेर येत नाही. ती खणून काढणाऱ्या मजुरांत आयरिश कॅथलिकांची संख्या मोठी होती. आयर्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला बेअरा नावाचे द्वीपकल्प आहे. तेथील अलिहीज गावी तांब्याच्या खाणी होत्या. त्या मंदावल्या तशी तेथील माणसे पोटासाठी महासागर ओलांडून लेडव्हिलला आली. त्यांच्याजवळ दोनच वस्तू होत्या : खाणकामाचे कसब आणि श्रद्धा. १८७९ मध्ये लेव्हनवर्थच्या दयाभगिनींनी गावात सेंट व्हिन्सेंट रुग्णालय सुरू केले. त्याच सुमारास दूतसंदेशाचे चर्च उभे राहू लागले. त्याचा उंच मनोरा आजही गावाच्या कोणत्याही कोपऱ्यातून दिसतो. १ सप्टेंबर १८८६ रोजी याच चर्चमध्ये मार्गारेट टोबिन नावाच्या आयरिश मजुराच्या लेकीचा विवाह जे. जे. ब्राऊन यांच्याशी झाला. १९१२ च्या टायटॅनिक दुर्घटनेतून वाचलेली आणि इतरांना धीर देणारी मॉली ब्राऊन म्हणून जग ओळखते ती हीच.

सर्वांचे भाग्य मात्र असे उजळले नाही. विरळ हवा, हाडे गोठवणारी थंडी, भूगर्भातील ओल आणि सुरुंगांचे अपघात यांनी तरुण माणसे पटापट दगावत. न्यूमोनिया तर घरोघरी मृत्यू होऊन शिरे. १८८० च्या मे महिन्यात मायकेल मूनी या आयरिश खाणकामगाराच्या नेतृत्वाखाली हजारो मजुरांनी संप पुकारला. मागणी रोजी चार डॉलरची होती. राज्यपालांनी लष्करी कायदा जारी केला आणि संप मोडून पडला. १८९६ मध्ये पुन्हा संप झाला. या वेळी मागणी होती सरसकट तीन डॉलरची. म्हणजे सोळा वर्षांनंतर मजूर आधीपेक्षा कमीच मागत होते! तोही संप १८९७ च्या मार्चमध्ये पराभवात संपला.

या दोन संपांच्या मधल्या काळात जे घडले, तेथे आपला देश या कथेत प्रवेश करतो. हिंदुस्थान त्या काळी जगातील चांदीचा फार मोठा ग्राहक होता. रुपया चांदीचा होता आणि कोणीही चांदी घेऊन मुंबईच्या किंवा कलकत्त्याच्या टांकसाळीत गेला, तर थोडे शुल्क आकारून त्याला रुपये पाडून मिळत. शेतकऱ्याच्या घरातील चांदीचे कडे-तोडे म्हणजे त्याची अडीअडचणीची ठेव असे, तीही याच भरवशावर. पण अमेरिकेतून व इतर देशांतून चांदीचा पूर लोटू लागला, तसे तिचे मोल उतरले आणि तिच्याबरोबर रुपयाचेही. इंग्रज सरकारला दरवर्षी विलायतेस पौंडांत मोठी रक्कम पाठवावी लागे. रुपया पडला की तेवढ्याच पौंडांसाठी रयतेकडून अधिक रुपये काढावे लागत. अखेर २६ जून १८९३ रोजी हिंदुस्थान सरकारने चांदीसाठी टांकसाळी बंद केल्या.

तारेने ही बातमी जगभर पोहोचली आणि चांदीचा भाव काही दिवसांतच कोसळला. कोलोरॅडोतील खाणी आणि धातुभट्ट्या धडाधड बंद पडू लागल्या. पुढे १ नोव्हेंबर १८९३ रोजी अमेरिकेने सरकारी चांदी-खरेदीचा १८९० चा कायदा रद्द केला. त्या कायद्यान्वये दरमहा ४५ लाख औंस चांदी विकत घेतली जात असे. लेडव्हिलच्या चांदीवर तो अखेरचा घाव ठरला. टेबर धुळीस मिळाला. १८९९ मध्ये तो वारला तेव्हा डेन्व्हर शहराचा पोस्टमास्तर म्हणून नोकरी करीत होता. त्याची विधवा एलिझाबेथ, लोकांची ‘बेबी डो’, पुढे ‘मॅचलेस’ खाणीच्या तोंडाशी एका खोपटात राहू लागली. १९३५ च्या मार्चमध्ये तिथेच तिचा गोठलेला देह मिळाला. तिची करुण कथा नाटकांतून व ऑपेरातून अजरामर झाली. इकडे आपल्या खेड्यापाड्यांतही, टांकसाळीत रुपये होऊ न शकणाऱ्या दागिन्यांचे मोल घटले. एकाच आज्ञेने दोन खंडांतील गरिबांच्या ताटाला हात घातला. आणि दोघांनाही परस्परांचे नाव ठाऊक नव्हते.

टेबर आणि बेबी डो यांच्या स्मृती अशा जपल्या गेल्या. खाणीत उतरणाऱ्यांचे काय? लेडव्हिलच्या एव्हरग्रीन दफनभूमीत कॅथलिकांसाठी एक मोफत विभाग होता. ज्यांच्या घरी पेटीपुरतेही पैसे नसत त्यांना तेथे पुरले जाई. लाकडी खुणा कुजल्या, पाइनची झाडे वाढली आणि शेवटी ओळीने खचलेले खड्डे तेवढे उरले. तेराशेहून अधिक माणसे तेथे विसावली आहेत. त्यांत बहुसंख्य आयरिश आहेत, बहुतेक तरुण आहेत, आणि नुकती जन्मलेली बाळेही कितीतरी आहेत. शंभराहून अधिक वर्षे त्यांच्या नावाने कोणी मेणबत्तीही लावली नाही.

एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी डेन्व्हरच्या विद्यापीठातील एका इतिहास-प्राध्यापकाचे लक्ष या मृतांकडे गेले. धर्मग्रामाच्या दफननोंदींतून एकेक नाव पुढे आले. आयर्लंडमधील व अमेरिकेतील आयरिश मंडळींनी वर्षानुवर्षे निधी जमवला आणि सप्टेंबर २०२३ मध्ये तेथे आयरिश खाणकामगारांचे स्मारक उभे राहिले. मातीच्या उंचवट्यावर वळसे घेत जाणारी वाट आहे आणि माथ्यावर एका खाणकामगाराचा पुतळा आहे. मृतांची नावेही आता तेथे वाचता येतात.

आम्हांला या साऱ्यात एक गोष्ट मोलाची वाटते. त्या मजुरांना मालकांनी वेतनपत्रकावरच्या आकड्याएवढेच ओळखले, सरकारने दंगेखोर म्हणून ओळखले आणि चांदीच्या बाजाराने तर मुळीच ओळखले नाही. पण कोणा धर्मगुरूने प्रत्येक दफनविधीनंतर शाईत टाक बुडवून त्यांचे नाव लिहून ठेवले. त्याला इतिहास लिहायचा नव्हता, तो आपले कर्तव्य करीत होता. तरीही दगड फुटले, लाकूड कुजले आणि टिकली ती नोंदच.

वाचकहो, आपल्या प्रत्येक धर्मग्रामातही स्नानसंस्काराच्या, विवाहाच्या व दफनाच्या जुन्या वह्या आहेत. कित्येकींची पाने पिवळी पडली आहेत, काहींना वाळवी लागू पाहते आहे. शेतात, मिठागरांत, होड्यांवर आणि गिरण्यांत राबून गेलेल्या आपल्या पूर्वजांचा दुसरा पुरावा बहुधा कोठेच नाही. वास्तू जपण्यासाठी आपण मंडळे स्थापतो, वर्गणी गोळा करतो, आणि ते योग्यच आहे. त्याच निष्ठेने या वह्यांची डागडुजी झाली, त्यांच्या प्रती काढल्या गेल्या, त्यांतील नावे तरुणांनी वाचून उतरवून घेतली, तर नोव्हेंबरमध्ये कबरींवर फुले वाहताना आपण कोणासाठी प्रार्थना करतो हे आपल्या नातवंडांना सांगता येईल. हे काम यंदाच्या पावसाळ्यापूर्वी एखाद्या धर्मग्रामाने जरी हाती घेतले, तरी कितीतरी नावे वाचतील.