राखणदाराचा नारळ

कोकणात गावोगावी राखणदार असतो. वर्षातून एकदा त्याला नारळ ठेवायचा, गाऱ्हाणं घालायचं आणि पुढचं वर्षभर निर्धास्त राहायचं. सातासमुद्रापार आलो तरी ही रीत काही सुटली नाही. फक्त राखणदार बदलला! आता तो घरच्या कॉम्प्युटरमध्ये, स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात बसतो आणि वर्षाचा नारळ चुकला की "तुमचं संरक्षण संपलं आहे" असं लाल अक्षरांत बजावत राहतो.

मी आय.टी.तला. त्यामुळे मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत कोणीतरी विचारतंच, "अरे, कुठला अँटीव्हायरस चांगला?" उत्तर एका वाक्यात देता येतं, पण ते पटायचं असेल तर या राखणदाराची जन्मकथा माहीत हवी. म्हणून हा लेखप्रपंच.

गोष्ट सुरू होते १९७१ साली. अमेरिकेतल्या बी.बी.एन. कंपनीत बॉब थॉमस यांनी 'क्रीपर' नावाचा एक प्रोग्रॅम लिहिला. तो अर्पानेटवरून एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर जायचा आणि 'पकडा मला' अशा अर्थाचा संदेश दाखवायचा. नासधूस काही नाही, नुसता प्रयोग. त्याला शोधून पुसायला 'रीपर' नावाचा दुसरा प्रोग्रॅम लिहिला गेला. तो लिहिणारे रे टॉमलिन्सन, म्हणजे ई-मेल पत्त्यात '@' हे चिन्ह आणणारेच गृहस्थ. चोर आणि पोलीस एकाच ऑफिसात जन्मले, असं म्हणायला हरकत नाही.

पुढे १९८२ मध्ये रिच स्क्रेंटा या १५ वर्षांच्या मुलाने मित्रांची गंमत करायला ॲपल टू वर 'एल्क क्लोनर' सोडला. लागण झालेल्या फ्लॉपीवरून पन्नासाव्यांदा मशीन सुरू केलं की एक कविता दिसायची. आयबीएम पीसीवरचा पहिला गाजलेला व्हायरस मात्र आपल्या शेजारच्या लाहोरचा. अमजद आणि बासित फारूख अल्वी या भावांनी १९८६ मध्ये 'ब्रेन' लिहिला. आपल्या सॉफ्टवेअरच्या चोरट्या प्रती काढणाऱ्यांना अद्दल घडवायला तो लिहिला, असं त्यांचं म्हणणं. त्यात त्यांनी स्वतःचं नाव, पत्ता आणि फोन नंबरसुद्धा घातला होता! फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये बसून तो जगभर पोचला.

या सगळ्याकडे शास्त्रज्ञाच्या नजरेने पाहिलं फ्रेड कोहेन यांनी. १९८३ मध्ये विद्यार्थी असताना त्यांनी असा प्रोग्रॅम करून दाखवला. त्याला 'व्हायरस' म्हणावं हे त्यांचे प्राध्यापक लेन ॲडलमन यांनी सुचवलं. पुढे कोहेन यांनी सिद्ध केलं की प्रत्येक व्हायरस अचूक ओळखणारा प्रोग्रॅम लिहिणंच अशक्य आहे. तर्क साधा आहे. समजा असा सर्वज्ञ राखणदार सापडला. मग मी एक प्रोग्रॅम लिहीन, जो आधी त्या राखणदारालाच विचारेल, "मी व्हायरस आहे का?" तो "हो" म्हणाला तर माझा प्रोग्रॅम गप्प बसेल, "नाही" म्हणाला तर पसरेल. काहीही उत्तर दिलं तरी राखणदार खोटा! म्हणजे पेटीवर कोणी काहीही छापो, शंभर टक्के संरक्षण गणितातच बसत नाही.

तरीही धंदा जोरात सुरू झाला. जॉन मॅकॅफी यांची कंपनी १९८७ ची. त्याच सुमारास जर्मनी, चेकोस्लोव्हाकिया अशा देशांतही लोक या कामाला लागले होते. पद्धत पोलीस ठाण्यातल्या फोटोंसारखी. पकडलेल्या प्रत्येक व्हायरसच्या कोडचा ओळखू येईल असा तुकडा, म्हणजे 'सिग्नेचर', यादीत घालायचा आणि प्रत्येक फाईल त्या यादीशी ताडून पाहायची. यादी जुनी झाली की राखणदार आंधळा. वर्षाच्या नारळाचं मूळ इथे आहे. सॉफ्टवेअर एकदा विकत घेतलं तरी यादी कायम नवी लागते.

१९९२ मध्ये 'मायकेलअँजेलो'ची आवई उठली. ६ मार्चला लाखो कॉम्प्युटर बंद पडणार, असं भाकीत होतं. मॅकॅफी यांनी तर ५० लाखांपर्यंतचा आकडा सांगितला होता. प्रत्यक्षात हजारोंवरच निभावलं. पण भीतीने सॉफ्टवेअर मात्र भरपूर खपवलं, आणि भीती विकता येते हा धडा धंद्याने गिरवून ठेवला.

याच काळात आपल्या पुण्यातही एक गोष्ट घडत होती. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलास काटकर यांचं शिक्षण जेमतेम दहावीपर्यंत झालं. त्यांनी पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीचं छोटं दुकान टाकलं. दुकानात कॉम्प्युटर दुरुस्तीला येऊ लागले तेव्हा बरेचसे व्हायरसने आजारी! धाकटे भाऊ संजय कॉम्प्युटर शिकत होते. त्यांनी औषध लिहायला घेतलं आणि १९९० च्या दशकाच्या मध्यात 'क्विक हील' बाजारात आलं. २०१६ मध्ये ही कंपनी शेअर बाजारात उतरली. भारतातून आलेल्या पाहुण्यांच्या लॅपटॉपवर ते नाव दिसलं की अजूनही बरं वाटतं.

मग इंटरनेट घरोघरी आलं आणि फ्लॉपीचा संथ जमाना संपला. २६ एप्रिल १९९९ ला तैवानच्या 'सी.आय.एच.'ने हार्ड डिस्क तर पुसलीच, शिवाय काही मशीनमधलं बायोसही खराब केलं. ते कॉम्प्युटर सुरूच होईनात. ४ मे २००० ला फिलिपिन्समधून निघालेलं 'आय लव्ह यू' हे प्रेमपत्र जगभरच्या लोकांनी स्वतःच्या हाताने उघडलं. ते लिहिणाऱ्यावर खटला चालवायला त्या देशात तेव्हा कायदाच नव्हता. कायदा झाला तो त्यानंतरच्या महिन्यात. भारताचा आय.टी. ॲक्टही त्याच वर्षीचा. जानेवारी २००३ चा 'स्लॅमर' सुरुवातीला दर साडेआठ सेकंदांना दुप्पट होत होता, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आलेल्या 'ब्लास्टर'ला तर कोणी काही उघडायचीही गरज नव्हती. नुसतं इंटरनेटला जोडलेलं मशीन त्याला पुरे.

तेव्हा कुठे मायक्रोसॉफ्टने कंबर कसली. २००४ च्या ऑगस्टमध्ये एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ ने फायरवॉल आपोआप चालू केली. २००९ मध्ये फुकटचं सिक्युरिटी इसेन्शियल्स आलं आणि २०१२ च्या विंडोज ८ पासून अँटीव्हायरस विंडोजच्या आतच बसून येऊ लागला. सुरुवातीला चाचण्यांत त्याला फार कमी गुण पडत. पण पोरगं अभ्यासाला लागलं, आणि आता त्याची गणना पहिल्या बाकावरच्यांत होते.

आता खरा प्रश्न. राखणदाराला घराच्या सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या द्याव्या लागतात. तो प्रत्येक फाईल वाचतो. मग राखणदारावर कोण लक्ष ठेवणार? एप्रिल २०१० मध्ये मॅकॅफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीचीच एक आवश्यक फाईल व्हायरस ठरवली आणि कितीतरी मशीन सारखी रीस्टार्ट होत बसली. अव्हास्टने ग्राहकांच्या ब्राउझिंगची माहिती विकल्याबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ मध्ये १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. त्याच वर्षी अमेरिकेने कॅस्परस्कीच्या विक्रीवर बंदी घातली. आणि गंमत बघा, नॉर्टन, अव्हास्ट, एव्हीजी आणि अविरा या चारही नावांची मालकी आज एकाच कंपनीकडे आहे. दुकानात चार पेट्यांची तुलना करताना हे लक्षात असू द्यावं.

पण आपल्या घरांना सर्वांत जास्त झळ पोचते ती व्हायरसने नव्हे, खोट्या राखणदाराने. स्क्रीनवर अचानक भोंगा वाजतो, "तुमचा कॉम्प्युटर बाधित आहे, या नंबरवर फोन करा" असं दिसतं, आणि पलीकडून आपल्याच धाटणीचं इंग्रजी बोलणारा कोणीतरी अदबीने मशीनचा ताबा मागतो. या प्रकारावर फेडरल ट्रेड कमिशनने २०१२ पासून कारवाया केल्या. त्यातली कितीतरी कॉल सेंटर्स भारतातली निघाली. करखात्याच्या नावाने अमेरिकेतल्या लोकांना धमकावणारी अशीच केंद्रं ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडला पकडली. वाचून मान खाली गेली. आपल्याकडचीच तरुण मुलं, आणि फोनच्या या टोकाला शेजारची एकटी राहणारी आजी. शिवाय मुलांकडे सहा महिने राहायला आलेले आई-बाबाही. आवाज ओळखीचा वाटला की त्यांचा विश्वास आणखी लवकर बसतो.

तर मंडळी, रांगेतल्या प्रश्नाचं उत्तर असं. विंडोजवर आत असलेला डिफेंडर बहुतेक घरांना पुरतो. विकतचा घ्यायचाच तर एकच घ्या, कारण दोन राखणदार एकमेकांवरच भुंकतात. नव्या लॅपटॉपबरोबर फुकट आलेला पाहुणा मुदत संपली की काढून टाका. विंडोजचे अपडेट पुढे ढकलू नका. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, हेही ध्यानात ठेवा. फोटोंची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन ती डिस्क काढून ठेवा. फायली ओलीस धरणाऱ्या रॅन्समवेअरला खंडणी न देता मोकळं होण्याचा तोच भरवशाचा मार्ग.

आणि या दिवाळीत घरी फोन कराल तेव्हा फराळाच्या गप्पा झाल्या की आई-बाबांना एवढंच सांगा: कॉम्प्युटर स्वतःहून कधी फोन नंबर देत नाही. दिला, तर तो नंबर फिरवू नका, मला फिरवा. रात्रीचे दोन वाजले असले तरी चालेल.