भोपाळची पाळ

भोपाळ शहरातून मोटारीने जाणारा मनुष्य कमला पार्कजवळचा रस्ता दोन मिनिटांत ओलांडतो आणि आपण एका जुन्या धरणाच्या माथ्यावरून गेलो, हे त्याच्या ध्यानातही येत नाही. सायकलीवर बसून तोच रस्ता सावकाश कापला, तर एका अंगाला मोठ्या तलावाचे पाणी आणि दुसऱ्या अंगाला पुष्कळ खालच्या पातळीवरचे छोट्या तलावाचे पाणी, असे दोन्ही एकाच वेळी नजरेत येते. पायाखाली बांध आहे, याची तेव्हा खात्री पटते. या शहराच्या नावाविषयी जो वाद अभ्यासकांत होऊन गेला, त्यातील मुख्य साक्षीदार म्हणजे हा बांध. त्या वादात मराठीला बोलण्यासारखे पुष्कळ असूनही तिची साक्ष कोणी काढलेली दिसत नाही, म्हणून हा लेख.

परंपरा असे सांगते की, अकराव्या शतकातील परमार राजा भोज याने कोलांस नदीवर मातीचा बांध घालून हा तलाव निर्माण केला. त्या बांधाला लोक ‘भोजपाल’ म्हणू लागले आणि त्याचेच पुढे भोपाल झाले. येथे ‘पाल’ म्हणजे बांध. प्रमाण हिंदीच्या वाचकाला हा अर्थ समजावून सांगावा लागतो, कारण त्याच्या लिखाणात ‘बाँध’ किंवा ‘मेड़’ असते. ‘तालाब की पाल’ हा प्रयोग राजस्थान-माळव्याकडच्या बोलण्यात अधिक. मराठी माणसाला मात्र कोशही उघडावा लागत नाही. तळ्याची पाळ, विहिरीची पाळ हे शब्द आपल्या खेड्यांत अजून चालतात आणि कानाची पाळ तर प्रत्येकाला ठाऊक आहे. या सर्वांच्या मुळाशी संस्कृत ‘पालि’ आहे. कड, किनार, बांध आणि कानाचे खालचे टोक, हे सगळे अर्थ त्या एका शब्दात संस्कृतातच होते. आपण ‘भोपाळ’ लिहितो, तेव्हा शेवटच्या दोन अक्षरांत नकळत तो बांध उभा राहतो.

नकळत म्हणण्याचे कारण आहे. ‘आम्ही ळ लिहितो, हिंदीवाले ल लिहितात, म्हणजे मूळ शब्द आमच्याकडेच शुद्ध राहिला’ असा दावा करण्याचा मोह मराठी लेखकाला होतो. तो आवरला पाहिजे. दोन स्वरांमधला एकेरी ल मराठीत बहुधा ळ होतो. ‘गोपाल’चा गोपाळ होतो, ‘भूपाल’चा भूपाळ होतो, त्यात बांधाचा काही संबंध नाही. म्हणून आपला ळ ‘पालि’च्या बाजूनेही साक्ष देत नाही आणि विरुद्धही देत नाही. शिवाय ळ हा ध्वनी माळवीतही आहे. ग्रिअर्सनने माळवीला राजस्थानीच्या गटात घातले, त्यामागे असलेल्या ध्वनिसाम्यात हेही एक साम्य आहे. भोपाळच्या पश्चिमेस माळवी आणि पूर्वेस बुंदेली. शहर या दोहोंच्या सांध्यावर आणि त्यावर दरबारी उर्दूचा थर. कोणत्याही एका भाषेने या नावावर मालकी सांगावी, अशी ही जागाच नव्हे.

विरुद्ध पक्ष जॉन फेथफुल फ्लीट याचा. सीमाभागातील वाचकांना हे नाव परके नाही. मुंबई इलाख्याच्या कानडी जिल्ह्यांतील राजघराण्यांचा इतिहास लिहिणारा आणि आपल्या भागातील शिलालेख वाचणारा तोच हा सनदी अधिकारी. त्याचे मत असे की, भोपाल हे सरळ ‘भूपाल’, म्हणजे राजा, यावरून आले आहे. भोजपाल ही लोकांनी मागाहून जुळवलेली व्युत्पत्ती आहे. मत कोरडे आहे, पण निराधार नाही. ‘भोजपाल’मधला ज कुठे गेला, याचे उत्तर परंपरेला द्यावे लागते. ‘राजपुत्र’चा राऊत होताना ज गळला, हे खरे, स्वरांमधले असे व्यंजन गळणे ही प्राकृताची जुनी खोडच आहे. परंतु ती प्रक्रिया भोजाच्या काळापूर्वीच घडून गेली होती. शिवाय भोपाळपासून अवघ्या २८ किलोमीटरवर भोजपूर आहे. त्याच राजाचे नाव, तोच प्रदेश, आणि तेथे ज जसाच्या तसा उभा. एका गावी टिकला आणि दुसऱ्या गावी गळला, याचे समाधानकारक स्पष्टीकरण अजून मला सापडलेले नाही. केवळ ध्वनींच्या तराजूत फ्लीटचे पारडे जड आहे, असे मला वाटते.

पण स्थलनामे केवळ ध्वनींच्या तराजूत तोलायची नसतात. लोकांनी ‘भोपाल’मध्ये बांध ऐकला, तो रोज डोळ्यांसमोर बांध होता म्हणून. मूळ नाव भूपाल असले, तरी शतकानुशतके त्याचा अर्थ पाळीशी जोडला गेला, ही घटनाही इतिहासच आहे. तिचा पुरावा जमिनीवर आहे आणि तो पाहण्यास सायकलीसारखे वाहन नाही.

शहरातच पाहावे. छोटा तलाव १७९४ मध्ये नवाब हयात मोहम्मद खान यांचे मंत्री छोटे खान यांनी बांधवला. त्याच्या बांधावरील पुलाचे नाव ‘पुल पुख्ता’. फारसी ‘पुख्ता’ म्हणजे पक्का, शिजलेला, मुरलेला. आपला ‘पोक्त’ तोच. मोठ्या तलावाच्या आग्नेय टोकाला, जेथे १९६५ मध्ये दरवाजांचे धरण झाले, त्या जागेला भदभदा म्हणतात. पाण्याच्या कोसळण्याचा आवाजच कोणीतरी नाव म्हणून ठेवून दिला असावा, असे कानाला वाटते. वनविहार उद्यानात तलावाच्या काठाकाठाने सायकल चालवता येते. दोन्ही तलाव मिळून ३२०१ हेक्टरांची ‘भोज पाणथळ’ २००२ साली रामसर यादीत गेली. २०११ मध्ये मोठ्या तलावात राजा भोजाचा पुतळा उभा राहिला, तलावाला ‘भोजताल’ हे अधिकृत नाव मिळाले आणि शहराचे ‘भोजपाल’ करण्याची भाषाही झाली. शहराचे नाव तेवढे तसेच राहिले. लोक आजही ‘बडा तालाब’च म्हणतात. फलकावरचे नाव आणि जिभेवरचे नाव यांतील अंतर सीमाभागातील वाचकांना नव्याने सांगायला नको.

उत्तरेकडे सायकल वळवली की हेच अंतर आणखी स्पष्ट होते. भोपाळ संस्थानचा संस्थापक दोस्त मोहम्मद खान याने जगदीशपूर जिंकून त्याचे इस्लामनगर केले. २०२३ मध्ये शासनाने पुन्हा जगदीशपूर केले. दोन्ही वेळा हुकूम वरून आला. त्याच बाजूला दोराहा आहे. दोन वाटांचे गाव, एवढाच त्या नावाचा अर्थ, आणि तो बदलण्याची गरज कोणाला वाटली नाही. डिसेंबर १७३७ मध्ये बाजीराव पेशव्यांनी निजामाला भोपाळच्या तटाशी कोंडले. तलाव आणि तट यांच्या आश्रयाने निजाम सुरक्षित राहिला खरा, पण त्याच जागेने त्याची रसद बंद करणेही मराठ्यांना सोपे केले. जानेवारी १७३८ मध्ये दोराह्याला तह झाला. माळवा आणि नर्मदा-चंबळेच्या दरम्यानचा मुलूख मराठ्यांकडे सोपवण्याचे, तसेच ५० लाख रुपये देववण्याचे निजामाने मान्य केले. आपल्या शालेय इतिहासात ही लढाई दोन ओळींत संपते. पाण्याने तिला कसा आकार दिला, हे तलावाच्या काठाने फिरल्यावर उमजते.

दक्षिणेकडचा भोजपूरचा रस्ता मात्र सर्वांत मोलाचा. सावकाश गेले तरी अडीच तासांत पोहोचता येते. बेतवेच्या काठी भोजाचे अपूर्ण शिवमंदिर आहे. गर्भगृहात साडेसात फुटांचे लिंग, मागे दगड वर चढवण्यासाठी रचलेला मातीचा उतार अजून शिल्लक, आणि भोवतालच्या खडकांवर कारागिरांनी कोरलेले मंदिराचे आराखडे. इतके असूनही प्रवासी दर्शन घेऊन परततात आणि जवळचे प्राचीन बांध पाहायचे राहून जातात. दोन्ही अंगांना मोठमोठे चिरे चुन्याशिवाय बसवलेले आणि मधे माती, अशा या पाळींनी एके काळी एक प्रचंड सरोवर अडवले होते. विल्यम किंकेड या इंग्रज अधिकाऱ्याने या भागात भटकून १८८८ साली त्याविषयी लिहिले. त्याच्या अंदाजाने सरोवर सुमारे २५० चौरस मैलांचे होते. आकडा फुगलेला असेल, पण पाळ पाहिल्यावर तो हसण्यावारी नेता येत नाही. पंधराव्या शतकात माळव्याच्या होशंगशाहाने बांध फोडला. गोंडांच्या आख्यायिकेप्रमाणे फोडायला तीन महिने आणि पाणी ओसरायला तीन वर्षे लागली.

ज्या राजाच्या नावावर हे बांध आहेत, त्याच्याच नावावर ‘सरस्वतीकंठाभरण’ हा व्याकरणग्रंथ आहे. त्याच नावाच्या साहित्यशास्त्रीय ग्रंथात आणि ‘शृंगारप्रकाशा’त त्याने महाराष्ट्री प्राकृतातील गाथा मोठ्या संख्येने उदाहरणे म्हणून घेतल्या. मराठीची पूर्वज भाषा धारच्या दरबारात अशी वाचली जात होती.

परतताना मंडीदीपवरून यावे. कारखाने, मालमोटारी, रेल्वे स्थानक; सायकलस्वाराला हा टप्पा सुखाचा नाही आणि सकाळी लवकर ओलांडलेला बरा. पण स्थानकाचा फलक वाचण्यासाठी एकदा उतरावे. ‘दीप’ म्हणजे दिवा नव्हे; स्थानिक परंपरेप्रमाणे ते ‘द्वीप’ आहे, जसे आपल्या कोकणकिनाऱ्यापलीकडच्या ‘दीव’मध्ये आहे. भोजाच्या सरोवरातले हे बेट होते, असे लोक सांगतात. आज भोवती दूरवर शेते आहेत, पाणी कोठेच नाही, आणि गाड्या मंडीदीपला थांबतात.