श्वानगृह आणि त्याचा हिशेब

धनी परगांवीं गेला असतां त्याचा कुत्रा मोल घेऊन सांभाळावयाचा, असा धंदा जुन्नर-आंबेगांवाकडे कोणी काढूं म्हटलें, तर लोक प्रथम भूतदयेची गोष्ट बोलतील. इतिहास मात्र आधीं हिशेब विचारतो.

१८३२ सालीं मुंबईंत सरकारनें मोकाट कुत्रे मारण्याची मोहीम चालविली. ती पारशी समाजास असह्य होऊन दंगा झाला. पुढें १८३४ त शेट जमशेटजी जीजीभाई प्रभृतींनीं पांजरपोळ स्थापिला व मोकाट कुत्र्यांस तेथें आश्रय मिळाला. रोष ओसरतो, जनावरांची भूक मात्र रोजची असते. म्हणून व्यापाऱ्यांनीं आपल्या मालावर पट्टी बसवून घेतली, आणि संस्था टिकली.

ही दृष्टि जुन्नरास परकी नाहीं. येथील लेण्यांतील प्राचीन लेखांत वेळूकाम करणारांच्या व कांसारांच्या श्रेणींकडे रक्कम गुंतविल्याचा उल्लेख आहे. धर्मकृत्यासही कायमचें उत्पन्न हवें, हें त्या दात्यांनीं ओळखिलें होतें.

आज या दोन्ही तालुक्यांत उसाच्या आश्रयानें बिबट्या वावरतो, आणि कुत्रा हें त्याचें सुलभ भक्ष्य. तेव्हां येथील श्वानगृहास भक्कम जाळी, वर छत, रात्रीची राखण व रेबीजची लस यांचा खर्च चुकणार नाहीं. तो भागेल इतकें मोल आरंभींच सांगावें, असें आम्हांस वाटतें. विश्वासानें सोपविलेला जीव स्वस्ताईपायीं उघड्यावर ठेवणें कोणत्याही भूतदयेंत बसत नाहीं.