धातूस बिलगलेलें हाड

स्वीडनमधील लुंड येथें सन १९५२ मध्यें पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हे तरुण संशोधक सशाच्या अस्थिमज्जेंतील रक्ताभिसरण न्याहाळीत होते. त्यासाठीं त्यांनीं सशाच्या पायाच्या हाडांत टिटॅनियम धातूची एक चिमुकली खिडकी बसविली होती. दांतांशीं या उद्योगाचा काडीमात्र संबंध नव्हता. प्रयोग संपल्यावर ती खिडकी काढून घ्यावी म्हणून ते पाहूं लागले, तों ती निघेना! हाडानें धातूस परकें मानलेंच नव्हतें; तें त्यास घट्ट बिलगलें होतें.

पुढें सन १९६५ मध्यें गोथेनबर्ग येथें योस्टा लार्सन या गृहस्थाच्या खालच्या जबड्यांत त्यांनीं याच धातूचे स्क्रू बसविले व त्यांवर दांत चढविले. लार्सनच्या टाळूंत व जबड्यांत व्यंग होतें, आणि खालचे दांत मुळींच नव्हते. सन २००६ मध्यें तो निवर्तला तेव्हांही तीं कृत्रिम मुळें जागचीं हललीं नव्हतीं. इतकें असूनही दंतवैद्यांचें मन वळण्यास सन १९८२ ची टोरॉन्टोची परिषद भरावी लागली. विद्वानांची नवलाईवर अशी खप्पामर्जी नवी नव्हे.

ब्रोनेमार्क यांचा नियम मात्र कडक होता. स्क्रू बसवून हिरडी शिवावी, आणि खालच्या जबड्यावर तीन व वरच्यावर सहा महिने भार पडूं देऊं नये. स्क्रू हलत राहिला तर हाडाऐवजीं मऊ तंतूंचा थर वाढतो, व तो डुगडुगूं लागतो.

हाडास स्वस्थ राहूं द्या, असें सांगणाऱ्या या शास्त्राच्या दारीं पुढें धक्के देणारा उपचार येऊन उभा राहिला! त्याचा उगम डॉर्नियर या जर्मन विमान-कारखान्यांतील संशोधनांत आहे. तेथील आघात-तरंगांनीं सन १९८० मध्यें म्यूनिक येथें रुग्णाचा मुतखडा शस्त्राविना फोडण्यांत आला. सन १९९१ मध्यें व्हॅल्चानोव्ह व मिखाइलोव्ह या बल्गेरियन वैद्यांनीं, न जुळणाऱ्या अस्थिभंगांवर हेच तरंग वापरल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. स्क्रूचें डुगडुगणें हाडास नडतें, पण हा क्षणिक आघात पेशींना जागें करतो व नव्या रक्तवाहिन्या फुटण्यास चालना देतो, अशी उपपत्ति आहे.

जबड्यांतील स्क्रूंभोवतीं हाड लवकर धरावें म्हणून या तरंगांची परीक्षा झाली आहे ती मुख्यत्वें प्राण्यांवर. त्यावरून रुग्णास हमी देणें उतावीळपणाचें ठरेल. खरबरीत पृष्ठाच्या स्क्रूंनीं निरोगी जबड्याची प्रतीक्षा आधींच कमी केली आहे. खरी गरज आहे ती वरच्या जबड्याच्या भुसभुशीत हाडाची.