गाडीचे कुलूप आणि बदलता संकेत

मारुती ८०० ही गाडी १९८३ ते २०१४ या काळात आपल्या देशात तयार होत होती. तिच्यासारख्या कितीतरी जुन्या गाड्यांची दारे किल्लीने आणि खटक्याने, एकेक करून लावावी लागतात. अशा गाडीला बाजारातून संच आणून रिमोटने उघडणारे कुलूप बसवून घेता येते. पण बटण दाबल्यावर गाडीला आपलाच रिमोट कसा ओळखता येतो? आणि तो संदेश वाटेत दुसऱ्या कोणी ऐकला तर काय होते? या प्रश्नांची उत्तरे शोधू लागलो, की आपण कुलपांच्या सव्वादोनशे वर्षांच्या इतिहासात जाऊन पोहोचतो. त्याआधी संच कसा बसतो ते पाहू.

दाराच्या आत काय बसते?

संचात दोन रिमोट, संदेश घेणारी एक पेटी, प्रत्येक दारासाठी एक छोटी मोटार आणि वायरी असतात. दाराचे आतले आवरण काढले की कुलपाच्या खटक्याला जोडलेली बारीक लोखंडी दांडी दिसते. मोटारीची तार या दांडीला स्क्रूच्या पकडीने जोडतात. खिडकीची काच पूर्ण खाली केल्यावर ती मोटारीला अडत नाही ना, हे आधीच पाहावे लागते.

विद्युतप्रवाहाची दिशा उलटली की मोटार उलट फिरते, हे आपण शाळेत शिकवतोच. पेटीतले दोन रिले नेमके हेच काम करतात. एक रिले ओढला गेला की दांडी खाली जाते, दुसरा ओढला गेला की वर येते. प्रवाह सेकंदापेक्षाही कमी वेळ दिला जातो. जास्त वेळ दिला तर अडलेली मोटार तापून जळेल. चालकाच्या दारातल्या मोटारीला दोनऐवजी पाच वायरी असतात. जादा तीन वायरी आतल्या स्विचच्या. चालकाने किल्लीने दार लावले, की या स्विचमुळे इतर दारांना तशी सूचना मिळते.

पेटीला इंजिन बंद असतानाही जागे राहावे लागते, म्हणून तिचा पुरवठा बॅटरीवरून थेट, फ्यूज लावून घेतात. समजा ती सतत १० मिलिअँपिअर प्रवाह घेते. महिनाभरात हा खर्च ७.२ अँपिअर-तास होतो. ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीचा हा पाचवा हिस्सा झाला! गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर हे गणित लक्षात ठेवायला हवे. पेटीतून लोंबणारी एक मोकळी वायर मात्र कशालाच जोडायची नसते. ती अँटेना आहे. ४३३.९२ मेगाहर्ट्झ कंपनसंख्येच्या लहरींची लांबी सुमारे ६९ सेंटिमीटर, आणि तिचा चौथा भाग सुमारे १७ सेंटिमीटर. ही वायर कापली किंवा पत्र्यावर गुंडाळली तर रिमोटचा पल्ला घटतो.

पिकॅडिलीतले आव्हान

आता मूळ प्रश्नाकडे वळू. कुलूप सुरक्षित आहे म्हणजे नेमके काय? लंडनचे जोसेफ ब्रामा यांनी १७८४ साली एका नव्या कुलपाचे पेटंट घेतले. पुढे पिकॅडिलीतल्या त्यांच्या दुकानाच्या खिडकीत ब्रामा कुलूप आणि एक पाटी झळकू लागली : हे कुलूप उघडणारे हत्यार बनवून दाखवणाऱ्यास २०० गिनी बक्षीस. ब्रामा वारले, तरी ते आव्हान कायम होते. शेवटी १८५१ साली, लंडनच्या महाप्रदर्शनाच्या वेळी, आल्फ्रेड चार्ल्स हॉब्ज या अमेरिकन कुलूपतज्ज्ञाने ते उघडले. १६ दिवसांत विभागून त्याला सुमारे ५१ तास लागले. कुलपांतले दोष असे उघडपणे सांगितल्याने चोरांचे फावेल, अशी तेव्हा ओरड झाली. त्यावर हॉब्ज यांच्या बाजूचे उत्तर असे होते, की चोरांना हे दोष आधीपासूनच ठाऊक असतात. अंधारात असतात ते प्रामाणिक लोक.

याच विचाराला १८८३ साली नेमके रूप मिळाले. पॅरिसमध्ये जर्मन भाषा शिकवणारे ऑगुस्त केर्कहॉफ्स यांनी लष्करी संकेतलेखनावर लिहिताना एक अट घातली : यंत्रणेची रचना शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये, गुप्त राहायला हवी ती फक्त किल्ली. गाडीच्या रिमोटचा पुढचा इतिहास म्हणजे या अटीची परीक्षाच म्हणावी लागेल.

एकच शब्द, रोज तोच

१९८२ साली फ्रान्सच्या रेनो कंपनीने फ्युएगो या गाडीला दुरून उघडणारे कुलूप दिले. ते अवरक्त किरणांवर चाले. शोधक पॉल लिपशुट्झ यांच्या नावावरून फ्रान्समध्ये अशा रिमोटला 'प्लिप' म्हणू लागले. अवरक्त किरण सरळ जातात, म्हणून रिमोट नेम धरून दाबावा लागे. पुढे रेडिओ लहरी आल्या आणि नेम धरण्याची गरज उरली नाही. सोय झाली, पण रेडिओ लहरी चहूकडे पसरतात, त्यामुळे त्या कोणालाही ऐकता येऊ लागल्या.

सुरुवातीचे रिमोट दर वेळी एकच ठरलेला संकेत पाठवत. स्वस्त संचांत पुष्कळ वापरली गेलेली २२६२ क्रमांकाची चिप घेऊ. तिच्यावर संकेतासाठी १२ जागा असतात आणि प्रत्येक जागा तीन प्रकारे जोडता येते. म्हणजे ३ चा १२ वा घात, एकूण ५,३१,४४१ संकेत. आकडा मोठा वाटतो. परंतु चोराला संकेत ओळखायचाच नसतो! तो एकदा ध्वनिमुद्रणासारखा नोंदवून ठेवला आणि नंतर वाजवला की दार उघडते. संकेत कितीही लांब केला तरी या युक्तीपुढे त्याचा उपयोग नाही.

पुढे जाणारी मोजणी

यावरचा एक महत्त्वाचा उपाय १९८०च्या दशकाच्या मध्यावर दक्षिण आफ्रिकेत, नॅनोटेक या कंपनीत तयार झाला. गिडिऑन कुन यांनी गणिती रीत रचली, विलेम स्मिट यांनी ती चिपवर उतरवली. तिचे नाव कीलॉक. १९९५ साली ती अमेरिकेच्या मायक्रोचिप कंपनीने विकत घेतली.

कीलॉक रिमोटमध्ये एक मोजणी चालू असते. प्रत्येक वेळी बटण दाबले की ती एकाने वाढते. हा आकडा ६४ बिटांच्या गुप्त किल्लीने कूटबद्ध होऊन जातो, म्हणून बाहेरून ऐकणाऱ्याला दर वेळी वेगळाच संकेत ऐकू येतो. गाडीतली पेटी तो उलगडते आणि मागच्या आकड्याशी ताडून पाहते. आकडा जुना असेल तर दार उघडत नाही. १६ पर्यंत पुढे असेल तर उघडते. घरात लहान मुलाने खेळताना चारदोनदा बटण दाबले तरी काही बिघडत नाही, ते यामुळेच. आकडा त्याहून पुढे गेला असेल तर पेटी लागोपाठचे दोन संकेत मागते आणि पुन्हा जुळवून घेते.

कल्पना उत्तम होती, पण कीलॉकची गणिती रीत कंपन्यांनी गुप्त ठेवली. ती बाहेर पडल्यावर २००७ पासून संशोधकांनी तिच्यातले दोष दाखवायला सुरुवात केली. २००८ साली जर्मनीतल्या बोखुम विद्यापीठातील गटाने चिप काम करताना किती वीज घेते याची मोजमापे केली आणि त्यांवरून उत्पादकाची मूळ किल्लीच शोधून काढली. ती हाती आली, की दोन संदेश ऐकून रिमोटची नक्कल करता येत होती. २०१६ साली फोक्सवॅगन गटाच्या बाबतीतही असेच उघड झाले. त्यांच्या १९९५ नंतरच्या बहुतेक गाड्यांची कुलपे मोजक्याच मूळ किल्ल्यांवर अवलंबून होती. म्हणजे केर्कहॉफ्स यांची अट मोडली, की महागडी गाडीही सुटत नाही.

२०१५ साली सॅमी कामकर यांनी आणखी एक युक्ती दाखवली. त्यांचे उपकरण गोंगाट करून पहिला संकेत गाडीपर्यंत पोहोचू देत नाही, पण स्वतः नोंदवून ठेवते. मालक पुन्हा बटण दाबतो. दुसराही संकेत अडवून उपकरण पहिला सोडते. दार उघडते, आणि न वापरलेला दुसरा संकेत चोराच्या खिशात राहतो.

वर्गात आणि दुकानात

हे सारे वर्गात करून पाहता येईल. वीस तीन-अंकी संख्यांची एकच यादी दोन विद्यार्थ्यांना द्या. एक 'रिमोट', दुसरा 'गाडी', तिसरा 'चोर'. रिमोटने पुढची संख्या मोठ्याने म्हणायची. गाडीने ती यादीतल्या पुढच्या चार संख्यांत शोधायची, दार उघडायचे आणि तिथपर्यंतच्या सगळ्या संख्या खोडायच्या. चोर जुनी संख्या म्हणून पाहील, जमणार नाही. मग चोराला टाळ्या वाजवून संख्या अडवायची मुभा द्या. कामकर यांची युक्ती मुले बहुधा स्वतःच शोधून काढतील.

जुन्या गाडीला संच बसवताना दुकानदाराला एकच प्रश्न आवर्जून विचारावा : संकेत स्थिर आहे की बदलता? बाजारात मिळणाऱ्या नक्कल करणाऱ्या रिमोटने जो रिमोट सहज उतरवून घेता येतो, त्याचा संकेत स्थिर समजावा. तसा संच घेऊ नये. बदलता संकेतही अभेद्य नाही, हे आपण पाहिले. पहिल्यांदा बटण दाबून काहीच झाले नाही तर दार किल्लीने लावावे आणि हाताने ओढून पाहावे. जुन्या गाडीत ही किल्लीची सोय शाबूत असते, शिवाय इंजिनही रिमोटने नव्हे तर किल्लीनेच सुरू होते. म्हणून रिमोट बसवल्यावर कारागीर जुन्या किल्लीचे कुलूप काढून टाकू म्हणाला, तर त्याला नको म्हणावे.